जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क: आधी डेटा, मग वेग

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जुन्या लॅपटॉपबरोबर एक वाक्य ठरलेलं असतं: “फार स्लो झालाय गं, जरा फॉरमॅट मारून दे.” त्यावर मी आधी विचारते, आत काय काय आहे? बहुतेकांना ते सांगता येत नाही. फोटो असतील, कॉलेजचं काहीतरी असेल, एवढंच उत्तर मिळतं.

माझ्या आत्याने कितीतरी वर्षं गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि निवृत्तीनंतर त्या स्वतः टाइप केल्या. लॅपटॉप रखडायला लागला म्हणून तिने तो घराजवळच्या एका दुकानात दिला. “डी ड्राइव्हमधलं ठेवू ना?” असं तिथल्या मुलाने विचारलं, ती हो म्हणाली. लॅपटॉप परत आला, फाइल सगळ्या जागच्या जागी होत्या, पण उघडल्यावर प्रत्येक पानावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविरामांची गर्दी. ओव्या युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये होत्या. तो फॉन्ट सी ड्राइव्हवर होता आणि सी ड्राइव्ह पुसला गेला होता. वर्डच्या चौकटीत फॉन्टचं नाव तेवढं दिसत होतं. तो फॉन्ट एका जुन्या डीटीपी ऑपरेटरच्या कपाटातल्या सीडीवर सापडला, पण त्यात तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे आत्या नीट जेवली नाही.

तेव्हापासून मी एक क्रम कधीच मोडत नाही. आधी डेटा, मग डिस्क, मग रॅम, आणि सगळ्यात शेवटी विंडोज किंवा लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली). हा लेख त्या क्रमाने जातो. २०१२ ते २०१८ च्या दरम्यान घेतलेला, आत फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप तुमच्याकडे असेल, तर दोन सुट्टीच्या दिवसांत तो आणखी चार-पाच वर्षं कामाचा होतो.

नेमकं अडतंय कुठे

लॅपटॉप सुरू करा, पाच मिनिटं काहीही न उघडता थांबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत बसलाय आणि डिस्क सतत १०० टक्क्यांवर आहे, असं चित्र दिसलं तर दोष प्रोसेसरचा नाही.

यामागचं गणित साधं आहे. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात, आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-बारा. विखुरलेल्या छोट्या फाइल वाचायच्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ५०-६० वाचनं करते. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइल उघडतं. एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे तीच वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. जाहिरातीत ‘सेकंदाला ५५० एमबी’ असा आकडा छापतात, पण तुमचा लॅपटॉप पळतो तो या छोट्या वाचनांमुळे. लॅपटॉपमध्ये डिस्क लावायची जुनी साटा-२ जोडणी असली आणि वेग २८० एमबीच्या आसपास अडला, तरी रोजच्या कामात फरक क्वचितच जाणवतो. म्हणून “आमचा लॅपटॉप फार जुना आहे, एसएसडीचा काय उपयोग” या शंकेत अर्थ नाही.

डिस्क शांत आहे पण मेमरी ९० टक्क्यांच्या वर, तर आधी रॅमचं बघा. दोन्ही भरलेले दिसले तरी सुरुवात डिस्कपासूनच करा, कारण रॅम कमी पडली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरतं आणि हळू डिस्कवर तो त्रास दुप्पट होतो.

डिस्कची तब्येत तपासा

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर घ्या. लिनक्सवर हेच काम स्मार्टमॉनटूल्स करतं. डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद ठेवत असते, ती इथे वाचता येते. वर निळा ‘गुड’, पिवळा ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ असा शिक्का असतो. त्या शिक्क्यावर थांबू नका, खालच्या यादीतल्या तीन ओळी पाहा. ०५ क्रमांकाची ओळ सांगते की किती सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) खराब होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले गेले. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रलंबित असलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. तिन्हींचे मूळ आकडे शून्य असतील तर छान. सी५ मध्ये काहीही असेल, तर पुढचा प्रत्येक तास मोलाचा समजा: सिनेमा, अपडेट, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइलची फेरमांडणी) सगळं थांबवा आणि महत्त्वाच्या फाइल आजच उतरवून घ्या. सी७ ची ओळ वाढलेली असेल तर मात्र डिस्कपेक्षा केबल किंवा कनेक्टरवर संशय घ्यावा.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर वेगळा नियम. लॅपटॉप बंद करा. ‘चेकडिस्क’ चालवू नका. ते फाइल प्रणाली, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, नीट करायला बनवलेलं साधन आहे, मरणाऱ्या डिस्ककडून ते आणखी मेहनत करून घेतं आणि अर्धवट फाइल कापून टाकू शकतं. सेक्टर थोडेसेच खराब असतील तर लिनक्सवरच्या जीएनयू डीडीरेस्क्यूने आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, उतरवून घेतात आणि फाइल त्या प्रतीतून शोधतात. ते सहज वाचता येणारे भाग आधी उचलतं, अडलेल्या जागांवर नंतर परत येतं. आवाज येणाऱ्या डिस्कमध्ये खरंच अनमोल काही असेल, तर तीही खटपट घरी करू नका, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

बॅकअप: इथे घाई नको

कामाचा अर्धा वेळ मी इथे घालवते. ‘माय डॉक्युमेंट्स कॉपी केलं’ म्हणजे बॅकअप झाला असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात वस्तू कुठेकुठे दडलेल्या असतात, ते पाहा.

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर सी ड्राइव्हवर असतात. लोक सगळं महत्त्वाचं डेस्कटॉपवर ठेवतात आणि डी ड्राइव्ह वाचला की निश्चिंत होतात. आयकर विवरणपत्रं, सात-बाराचे उतारे, आधारच्या प्रती, विम्याच्या पावत्या, सगळं डाउनलोड्समध्ये पडलेलं असतं. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड वेगळे काढावे लागतात. आउटलुकची टपाल-फाइल लपलेल्या फोल्डरमध्ये असते. घरात टॅलीवर हिशोब होत असतील तर टॅलीचा डेटा फोल्डर नेमका कुठे आहे, ते टॅली उघडून पाहा, आणि टॅलीमधूनच बॅकअप काढा. जुन्या मोबाइलचे बॅकअप, स्कॅनरने परस्पर स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकलेली कागदपत्रं, आणि विंडोजचा फॉन्ट फोल्डर. हा शेवटचा मी कधीच विसरत नाही. पूर्ण फोल्डर उचलून ठेवा, काही शे एमबीचा प्रश्न आहे.

त्यानंतर विंडोजमध्ये किती वापरकर्ते आहेत ते बघा. मोठा भाऊ नोकरीला गेला, पण त्याच्या नावाचं खातं तसंच असतं आणि त्यात त्याचे प्रकल्प असतात. त्याला फोन करून विचारा.

डिस्कवर डेटा कुलूपबंद करणारं बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का, तेही सेटिंगमध्ये जाऊन तपासा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बऱ्याचदा ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड कुणाला आठवत नाही. ही की नसेल तर बाहेर काढलेल्या डिस्कमधून एक फोटोही परत मिळणार नाही.

आता हे सगळं ठेवायचं कुठे? पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम घरालाही लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउड, किंवा बहिणीच्या घरी ठेवलेली एक डिस्क. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरानंतर कुणाला हे पटवून द्यावं लागू नये. सांगली-कोल्हापूरकडे घरातल्या दोन्ही प्रती एकाच पाण्यात गेल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

पेनड्राइव्हवर बॅकअप ठेवणार असाल, तर तो खरा आहे का ते तपासा. ‘२ टीबी’ लिहिलेले स्वस्त पेनड्राइव्ह सर्रास विकले जातात. आत खरी जागा ३२ किंवा ६४ जीबी असते आणि आतल्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉपी बिनतक्रार होते, नंतर उघडायला गेलं की फाइल रिकाम्या. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही साधनं पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतात. नवा पेनड्राइव्ह किंवा डिस्क आणली की हे आधी करा. अजून एक अडचण नेहमी येते: ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. लग्नाचा व्हिडिओ त्यातच अडकतो. एक्सफॅट वापरा.

वेळेचा अंदाज ठेवा. ५०० जीबी डेटा यूएसबी २ च्या खोबणीतून जायला चार तास लागतात, यूएसबी ३ मधून दीड तासाच्या आसपास. निळ्या जिभेची खोबण शोधा, ती बहुधा यूएसबी ३ ची असते. आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करा. कॉपी चालू असताना वीज गेली की बॅकअपच्या डिस्कचीच फाइल प्रणाली बिघडू शकते.

कॉपी संपल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती डिस्क लावून दहा-बारा फाइल उघडून बघा: एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक एक्सेल, एक मराठी कागद. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

काय विकत आणायचं

लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर खालच्या स्टिकरवर असतो. तो घेऊन कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. त्यात स्क्रूची जागा, डिस्कचा प्रकार आणि रॅमची कमाल मर्यादा चित्रांसह असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या नेहमीच्या दुकानात जाताना तो नंबर खिशात असला की अर्धे वाद मिटतात.

फिरत्या डिस्कच्या जागी बसणारी एसएसडी अडीच इंची, साटा प्रकारची आणि ७ मिमी जाडीची असते. जुन्या काही लॅपटॉपमध्ये जागा ९.५ मिमीची असते. तिथे प्लास्टिकची पातळ चौकट लावावी लागते, नाहीतर डिस्क हलून कनेक्टर सैल होतो. २०१५ नंतरच्या काही लॅपटॉपमध्ये एम.२ ची खोबणही असते, आणि घोटाळा होतो तो इथेच. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. त्याच आकारात साटा आणि एनव्हीएमई अशा दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या डिस्क मिळतात. खाचांवरून अंदाज येतो, खात्री होत नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच आणा.

क्षमता? ५०० जीबी घ्या. २५० मध्ये घर चालतं, पण दोन वर्षांत भरतं, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते. डिस्क लावल्यावर ५०० च्या जागी ४६५ दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही: कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. नावाजलेल्या कंपनीची, पक्क्या बिलासह घ्या. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते आणि बिलाशिवाय तिचा उपयोग होत नाही.

रॅमचं थोडक्यात सांगते. ४ जीबी असेल तर ८ करा. २०२५ च्या शेवटापासून रॅम महागली आहे, त्यामुळे १६ चा हट्ट धरू नका. डीडीआर३ची पट्टी २०४ पिनांची, डीडीआर४ची २६०; एकमेकींच्या जागी बसत नाहीत. चुकण्याची खरी जागा डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात आहे. पिना सारख्याच, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर. २०१३-१४ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना फक्त दुसरी चालते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाख देऊन बसवलेली असते, तिथे काहीच करता येत नाही.

डिस्कबरोबर एक यूएसबी ते साटा केसिंगही, म्हणजे सुटी डिस्क यूएसबीने जोडायची डबी, घ्या. जुन्या डिस्कसाठी ते लागणार आहे.

उघडण्याचं काम

टेबल मोकळं करा. खाली सुती चादर घाला, नायलॉनची सतरंजी नको. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर चांगलीच स्थिर वीज साठते. पट्ट्यांना हात लावण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून ती सोडून द्या. हे सोपस्कार वाटतील, पण रॅमची चिप मारायला तुम्हाला जाणवणारही नाही इतका झटका पुरतो.

चार्जर काढा. बॅटरी सुटी होत असेल तर काढा. आत असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू-दाबू नका, काम थांबवून ती आधी बदला.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की कीबोर्डच्या बाजूने फुगवटा येतो किंवा बोर्डाला भोक पडतं. एका कागदावर लॅपटॉपचं चित्र काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी सेलोटेपने चिकटवा. सगळे स्क्रू काढूनही झाकण निघत नसेल तर जोर लावण्याआधी थांबा: रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी एखादा लपलेला असतो. कडा उकलायला जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड उत्तम. स्क्रूड्रायव्हरने उकलू नका.

झाकण आतल्या बाजूने पट्टी केबलने जोडलेलं असू शकतं, म्हणून एकदम खेचू नका. आधी फोटो काढा, मग डिस्क बाजूला सरकवून कनेक्टरमधून सोडवा. तिच्याभोवतीची धातूची चौकट नव्या एसएसडीला लावा आणि तशीच परत बसवा. रॅमची पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात घालून खाली दाबतात. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक’ आवाज आला पाहिजे.

उघडलाच आहे तर पंखा साफ करा. ब्रशने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने गरागरा फिरू देऊ नका. कोकणातल्या लॅपटॉपमध्ये मला संपर्काच्या पिनांवर हिरवट थर नेहमी दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा.

क्लोन की कोरी सुरुवात

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करता येते. क्लोनझिला फुकट आहे, काही एसएसडी कंपन्याही आपलं सॉफ्टवेअर देतात. टॅली, प्रिंटर, जुनी पॅकेजं सगळं लावलेलं असेल आणि परत लावणं अशक्य असेल, तर क्लोन करा. दोन गोष्टी सांभाळा. कुठून आणि कुठे हे ठरवताना डिस्कचं नाव आणि क्षमता मोठ्याने वाचा, कारण दिशा उलटली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. आणि क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका. दोघींची ओळख सारखी असते आणि विंडोज गोंधळतं. मोठ्या डिस्कवरून लहान एसएसडीवर जायचं असेल तर आधी विभाग लहान करावे लागतात.

बाकी सगळ्यांना मी कोरी सुरुवातच सुचवते. आठ वर्षांचा कचरा नव्या घरात का न्यायचा?

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन साटाची पद्धत एएचसीआय आहे ना ते बघा. कोऱ्या सुरुवातीत ती आत्ताच बदलता येते. ‘रेड’ किंवा इंटेल आरएसटीवर असेल तर लिनक्सच्या इन्स्टॉलरला कधी कधी डिस्कच दिसत नाही. बूटची यादी (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायची) उघडणारी कळ कंपनीप्रमाणे बदलते: डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९, आसुसमध्ये एस्केप.

विंडोज की लिनक्स, हा निर्णय आता तारखेने सोपा केलाय. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळतात, तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. बसत असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने पेनड्राइव्ह बनवा. मूळ विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती नव्या डिस्कवर टाकली की ती आपोआप सक्रिय होते. ‘क्रॅक’ टाकून देणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर लिनक्सचा मिंट हा प्रकार. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. ४ जीबी रॅमला त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, ८ ला सिनॅमन. रूफस किंवा व्हेंटॉय या साधनाने पेनड्राइव्ह बनवा आणि डिस्कवर टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच अर्धा तास वापरून पाहा: वायफाय, आवाज, टचपॅड, घरचा प्रिंटर. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर उतरवा. टॅली आणि जुनी मराठी डीटीपी पॅकेजं विंडोजसाठीच बनलेली आहेत. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना मी मिंटवर ढकलत नाही.

सगळं लागल्यावर विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये डिस्कचा प्रकार सॉलिड स्टेट दिसतोय याची खात्री करा, म्हणजे विंडोज डीफ्रॅगऐवजी ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा रिकामी झाल्याचं एसएसडीला कळवणं) चालवतं. मिंटमध्ये ट्रिम दर आठवड्याला आपोआप चालतं.

जुनी डिस्क

केसिंगमध्ये घाला, वर तारीख लिहा आणि एक महिना तिच्यातलं काहीही पुसू नका. “ती फाइल कुठे गेली?” हा प्रश्न हमखास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका. महिन्यानंतर डिस्क निरोगी असेल तर तीच दुसरी बॅकअप प्रत होते, आणि वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती एसएसडीपेक्षा बरी, कारण एसएसडीतला डेटा विजेविना फार काळ टिकेलच असं नाही. कुणाला देणार असाल तर नुसतं डिलीट करून देऊ नका, पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून द्या. मेलेली डिस्क भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

मराठी कागदपत्रं वाचती ठेवणं

या महिन्यातच जुन्या फॉन्टचं काम उरकून घ्या. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएमचे ‘डीव्ही-टीटी’ने सुरू होणारे फॉन्ट, शिवाजी, किरण यांत टाइप केलेल्या मजकुरात खरं तर देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचे संकेतांक असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचं चित्र दाखवतो. फॉन्ट गेला की चित्र गेलं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत जुने फॉन्ट त्यानंतरही वर्षानुवर्षं चालले.

जुना लॅपटॉप उघडण्याआधीच, तो चालू असताना, अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो, म्हणून निदान डोळ्यांनी वाचायची प्रत कायम राहते. फॉन्टची फाइल ठेवा. पॅकेजला डाँगल (परवान्याची किल्ली म्हणून लॅपटॉपला लावायचा तुकडा) लागत असेल तर तोही जपा. पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फाइल असतील तर लिबरऑफिस ड्रॉ त्या उघडून पाहू शकतं. मांडणी हलते, मजकूर मिळतो.

मग परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून देणारं साधन, वापरून युनिकोड करा. प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असतो, म्हणून फॉन्टचं नेमकं नाव हवं. परिवर्तकाची कसोटी कुठे लागते, तेही सांगते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे ‘निर्मिती’, ‘विद्यार्थ्यांनी’, ‘सर्वांगीण’ हे शब्द शोधून पाहा. हे शाबूत असतील तर बरंचसं शाबूत आहे.

मराठीची खास पडझड मात्र ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मध्ये होते. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेले परिवर्तक आडव्या अर्ध्या ‘र’चा रफार करून टाकतात. मग दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांना मिळते, आणि वऱ्हाडचं नाव ओळखू येत नाही. ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक डोळ्यांनी तपासा. सरसकट बदलू नका, कारण ‘कार्यालय’ आणि ‘सूर्य’ बरोबरच आहेत. ‘ॲ’चंही तसंच: हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’ आणि चंद्र जोडून केलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेतला तर एक सापडतं आणि दुसरं सापडत नाही.

नव्या यंत्रावर टाइप करायला इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी सगळीकडे आहे. रोमन उच्चारांवरून टाइप करायची सवय असेल, तर २०१९ पासूनच्या विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड सेटिंगमधूनच मिळतो. मिंटमध्ये त्यासाठी आयबस या टायपिंगच्या सोयीबरोबर एम१७एन टाकून घ्या. वाचायला नोटो किंवा एक टाइपचा मुक्ता, दोन्ही फुकट.

आत्याच्या ओव्यांचं परिवर्तन आम्ही दोघींनी समोरासमोर बसून केलं. मी पडद्यावरची ओळ वाचायची, तिने वहीतली. ‘दळीते कांडीते’ बरोबर उतरलं होतं, ‘सासुऱ्याला’ मात्र प्रत्येक ठिकाणी ‘सासुर्याला’ झालं होतं. तिने वहीत खूण केली आणि आम्ही पुढच्या ओवीवर गेलो.